आंबणाऱ्या टाकीवर अवरक्त किरणांची नजर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

द्राक्षरस आंबायला लागला की टाकीतला द्रव सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. साखर उतरते, अल्कोहोल चढतं, आम्लांचा तोल हलतो, आणि हे सगळं वाइन करणाऱ्याला वेळेत कळावं लागतं. हायड्रोमीटर घनता सांगतो, पण त्या एका आकड्यात साखर आणि अल्कोहोल या दोघांचा हिशेब मिसळलेला असतो. प्रयोगशाळेत एकेक घटक वेगळा मोजता येतो, मात्र त्याला वेळ लागतो आणि दर खेपेला रसायनं खर्ची पडतात. अवरक्त वर्णपटमापक हेच काम थोड्याशा नमुन्यावर, मिनिटा-दोन मिनिटांत करतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे यंत्र साखर मोजत नाही. कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला गेला, एवढंच ते मोजतं. या मोजणीचा आलेख म्हणजे वर्णपट. पडद्यावर दिसणारा 'साखर १२ ग्रॅम' हा आकडा त्या मोजणीवरून गणिती मॉडेलने काढलेला अंदाज असतो, आणि ते मॉडेल तुम्ही दाखवलेल्या नमुन्यांवर शिकलेलं असतं. नमुने निवडण्यात आणि त्यांची खरी किंमत मोजण्यात जेवढी काळजी घ्याल तेवढाच हा आकडा विश्वासाचा. यंत्र महाग घेतलं म्हणून ही काळजी टळत नाही.

वर्णपटात काय दिसतं

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे तापमापी ठेवला. पारा चढला. तो हा अवरक्त प्रकाश. रेणूंमधले बंध सतत थरथरत असतात आणि प्रत्येक प्रकारच्या बंधाची थरथरण्याची आपली लय असते. त्या लयीशी जुळणारा अवरक्त प्रकाश तो बंध शोषून घेतो. रेणू जितके जास्त तितकं शोषण जास्त.

आपल्या कामाचे भाग दोन. जवळचा अवरक्त म्हणजे साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर. मधला अवरक्त तरंगसंख्येत सांगतात, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंग बसतात त्या मापात: ४००० ते ४००. मधल्या भागात पट्टे टोकदार आणि ओळखू येणारे असतात. अल्कोहोलचे ठळक पट्टे १०४५ आणि १०८५ च्या आसपास येतात, ८७७ जवळ आणखी एक. साखरेचे पट्टे साधारण १००० ते ११५० मध्ये दाटीने बसतात, म्हणजे अल्कोहोलच्या अगदी मांडीला मांडी लावून. आम्लांमधला कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध १७२० च्या आसपास दिसतो. जवळच्या अवरक्तात मात्र मूळ पट्ट्यांचे पडसाद उमटतात. ते पसरट असतात, एकमेकांवर चढलेले असतात, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांतून फारसं काही निघत नाही.

या सगळ्यावर पाण्याची सावली असते. वाइनमध्ये बहुतांश पाणीच असतं आणि पाणी अवरक्त प्रकाश अधाशासारखं पितं: जवळच्या भागात १४५० आणि १९४० नॅनोमीटरला, मधल्या भागात १६४० आणि ३३०० च्या आसपास. म्हणूनच मधल्या अवरक्तात प्रकाश आरपार न्यायचा असेल तर नमुन्याचा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढाच ठेवावा लागतो.

पायरी पहिली: यंत्र निवडा

टाकीतून नमुना काढून टेबलावर मोजणार असाल तर मधल्या अवरक्ताचं एफटीआयआर यंत्र (सगळ्या तरंगलांबी एकदम मोजून गणिताने वर्णपट काढणारं) आणि त्याला एटीआर जोडणी, ही नवख्यासाठी माझी पहिली शिफारस. एटीआरमध्ये प्रकाश स्फटिकाच्या आतून परावर्तित होतो आणि वर ठेवलेल्या द्रवात जेमतेम मायक्रोमीटर-दोन मायक्रोमीटर शिरतो. थराची जाडी जुळवण्याचा खटाटोप उरत नाही.

स्फटिक हिऱ्याचा घ्या. झिंक सेलेनाइड स्वस्त असतो, पण त्याला आम्ल सोसत नाही, आणि वाइनचा पीएच तीन ते चारच्या दरम्यान असतो. हिरा स्वतः १८०० ते २३०० च्या पट्ट्यात थोडं शोषण करतो, पण आपल्याला हवं असलेलं तिथे काही नसतं. आणि कुठे मिठाच्या किंवा पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या असलेली जुनी कुपी हाताशी आली तर तिला वाइनपासून लांब ठेवा. त्या खिडक्या पाण्यात विरघळतात.

टाकीतच शोधक बसवून अखंड नजर ठेवायची असेल तर जवळचा अवरक्त सोयीचा. त्याचा प्रकाश साध्या सिलिका तंतूंतून कित्येक मीटर नेता येतो, मधल्या अवरक्ताच्या तंतूंना एवढी लांबी झेपत नाही. पण पहिल्याच हंगामात टाकीत शोधक बसवू नका. आधी टेबलावर हात बसू द्या.

पायरी दुसरी: नमुना घ्या आणि त्याला शांत करा

बहुतेक चुका यंत्रापर्यंत पोहोचायच्या आधीच झालेल्या असतात. शितावरून भाताची परीक्षा आंबणाऱ्या टाकीत होत नाही. वर सालांचा थर तरंगतो, खाली यीस्टचा गाळ बसतो, वरचं आणि खालचं तापमान वेगळं असतं. तांबड्या वाइनच्या टाकीत रस खालून काढून वर फिरवल्यानंतर नमुना घ्या. नमुन्याच्या तोटीतून आधी थोडा रस वाहू द्या, कारण तोटीत अडकलेला रस कालचा असतो. रोज त्याच तोटीतून, त्याच क्रमाने.

आता नळीतला रस. तो अजून आंबतोच आहे. जोरात चाललेल्या टाकीत दिवसाला लिटरमागे ३०-४० ग्रॅम साखर संपू शकते, म्हणजे नळी तासभर उन्हाळी हवेत राहिली तर दीड ग्रॅमचा फरक तिथेच पडला. नमुना लगेच बर्फात ठेवा, किंवा लगेच मोजा.

मोजण्याआधी तीन गोष्टी करायच्या. पाच-दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करून यीस्ट आणि गर खाली बसवा. मग विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काढा. अल्ट्रासॉनिक टाकीत काही मिनिटं धरा किंवा निर्वात गाळणीतून ओढा. हा वायू २३४० च्या आसपास शोषण करतो, आणि त्याहून त्रासाचं म्हणजे स्फटिकावर बुडबुडे धरतो. बुडबुडा बसला की तेवढ्या जागी वाइन नाहीच, सगळे पट्टे एकदम लहान होतात. पण वायू काढताना नळी उघडी ठेवून फार वेळ घालवू नका, त्याच्याबरोबर अल्कोहोलही उडतं. तिसरं तापमान. नमुना २० किंवा २५ अंश, जे ठरवाल त्यावर आणा आणि हंगामभर तेच ठेवा. तापमान बदललं की पाण्याच्या रेणूंमधली पकड बदलते आणि पाण्याचे पट्टे सरकतात. पाणीच सगळ्यांत जास्त असल्यामुळे हा छोटा सरकाव मॉडेलला साखरेतला बदल वाटू शकतो.

वाइन तळघरात किंवा बंद खोलीत होत असेल तर नमुने घेताना हवा खेळती ठेवा. लिटरभर रसातून ५० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि त्याने माणसं दगावली आहेत.

पायरी तिसरी: वर्णपट घ्या

स्फटिक स्वच्छ करून पार्श्वभूमी नोंदवा, म्हणजे वाइन ठेवण्याआधीचा वर्णपट, जो नंतर नमुन्यातून वजा होतो. ती रिकाम्या स्फटिकाची घ्या किंवा शुद्ध पाण्याची, पण एकदा ठरवलं की बदलू नका. मी पाण्याची घेतो, त्यामुळे पाण्याची सावली बरीच वजा होते आणि लहान पट्टे वर येतात. विभेदन, म्हणजे जवळचे पट्टे वेगळे दिसण्याची बारकाई, ४ किंवा ८ प्रति सेंमी पुरतं. ३२ किंवा ६४ स्कॅनची सरासरी घ्या. स्कॅन चौपट केले तर गोंगाट निम्मा होतो, त्यामुळे एका मर्यादेपुढे नुसता वेळ जातो.

थेंब ठेवला की लगेच झाकण लावा. हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या हंगामात मी एकाच थेंबाचे लागोपाठ पाच वर्णपट घेतले आणि अल्कोहोलचा आकडा दर वेळी थोडा खाली येत गेला. दोन दिवस मॉडेलमध्ये चूक शोधली. मग पाचही वर्णपट एकावर एक ठेवले तेव्हा १०४५ चा पट्टा पायरीपायरीने बसत गेलेला स्पष्ट दिसला: उघड्या थेंबातून अल्कोहोल उडत होतं. उलटाही प्रकार होतो. नमुना नीट निवळलेला नसेल तर यीस्ट हळूहळू खाली, म्हणजे थेट स्फटिकावर बसतं, आणि पाचवा वर्णपट वाइनपेक्षा यीस्टचा जास्त असतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन-तीन वर्णपट घ्या, पण प्रत्येक वेळी नवा थेंब ठेवून. ते एकमेकांवर तंतोतंत बसले तरच पुढे जा.

पायरी चौथी: खरी किंमत मोजा

मॉडेलला शिकवायला प्रत्येक वर्णपटासोबत खात्रीची किंमत लागते. साखरेसाठी एन्झाइम पद्धत किंवा एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी द्रव क्रोमॅटोग्राफी), अल्कोहोलसाठी ऊर्ध्वपातन करून घनता, एकूण आम्लतेसाठी टायट्रेशन (अल्कली थेंबाथेंबाने घालून आम्ल मोजणं), मॅलिक आणि लॅक्टिकसाठी पुन्हा एन्झाइम किंवा एचपीएलसी. टायट्रेशन पीएच ७ पर्यंत केलं की ८.२ पर्यंत, हे वहीत लिहून ठेवा. दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि त्यांचे आकडे वेगळे येतात.

ही मोजणी त्याच नळीतल्या द्रवावर आणि त्याच वेळी व्हायला हवी. सकाळचा वर्णपट आणि दुपारचं टायट्रेशन यांची जोडी निरुपयोगी आहे. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा मोजा, म्हणजे तुमच्या संदर्भ पद्धतीची स्वतःची चूक किती ते कळेल. मॉडेल त्याहून अचूक असल्याचा दावा कधी करता येणार नाही.

पायरी पाचवी: कॅलिब्रेशन, आणि त्यातला मोठा सापळा

कॅलिब्रेशन म्हणजे वर्णपट आणि खऱ्या किमती यांच्या जोड्यांवरून मॉडेलला शिकवणं. प्राथमिक चाचणीला ४०-५० नमुने पुरतात. रोजच्या भरवशासाठी शंभराच्या पुढे जा. वेगवेगळ्या जाती, वेगवेगळ्या टाक्या, किण्वनाची सुरुवात, मध्य आणि शेवट, सगळं त्यात यावं.

आता तो सापळा. किण्वनात साखर आणि अल्कोहोल हातात हात घालून बदलतात, एक जेवढी उतरते तेवढं दुसरं चढतं. फक्त नेहमीच्या टाक्यांचे नमुने दाखवले तर मॉडेलला साखर ओळखायची गरजच पडत नाही. ते अल्कोहोलचा ठळक पट्टा बघतं आणि त्यावरून साखर सांगतं. आलेख सुंदर येतो, सहसंबंध ०.९९ दिसतो, आणि मॉडेल खऱ्या अर्थाने साखर शिकलेलंच नसतं.

आकड्यांनी बघा. एक टक्का अल्कोहोल तयार व्हायला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते. तुमचे सगळे नमुने २२० ग्रॅम साखरेच्या रसातून आलेले आहेत असं समजा. अल्कोहोल ६.५ टक्के झालं म्हणजे ११० ग्रॅम संपली आणि ११० उरली. मॉडेल हे नातं पाठ करतं. पुढे जास्त पिकलेल्या द्राक्षांचा, २४० ग्रॅमचा रस आला. त्यातही ६.५ टक्के अल्कोहोलला ११० ग्रॅमच संपली, पण उरली १३०. मॉडेल सांगणार ११०. वीस ग्रॅमची चूक, आणि ती कुठेही दिसत नाही, कारण वर्णपट स्वच्छ आहे आणि यंत्र ठणठणीत आहे.

हे नातं मुद्दाम तोडावं लागतं. पूर्ण झालेल्या कोरड्या वाइनमध्ये मोजून साखर घाला. ताज्या रसात मोजून अल्कोहोल घाला. रस आणि वाइन वेगवेगळ्या प्रमाणात मिसळा, काहींत पाणी घाला. अशा वीस-पंचवीस मिश्रणांनी मॉडेलला साखर आणि अल्कोहोल वेगळे ओळखावेच लागतात. साखर घालताना फक्त ग्लुकोज वापरू नका. पिकलेल्या द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखे असतात, पण यीस्ट ग्लुकोज आधी खातं, त्यामुळे शेवटी उरते ती बहुतांश फ्रुक्टोज. दोघांचे पट्टे वेगळ्या जागी येतात. शेवटच्या टप्प्यात, जिथे आकडा सर्वांत महत्त्वाचा, तिथेच ग्लुकोजवर शिकलेलं मॉडेल फसतं.

पायरी सहावी: गणित

इथे फार घाबरायचं कारण नाही. वर्णपटातून पाण्याने पूर्ण झाकलेले भाग, म्हणजे १६४० च्या आजूबाजूचा आणि ३००० च्या वरचा, बाजूला काढा. पायारेषा, म्हणजे वर्णपटाचा तळ, सरकलेली असेल तर पहिलं किंवा दुसरं डेरिव्हेटिव्ह घ्या, म्हणजे उंचीऐवजी उताराचा आलेख. त्यासाठी साविट्झ्की आणि गोले यांची १९६४ सालची पद्धत जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. आधी पीसीए (वर्णपटांतले मुख्य फरक मोजक्या अक्षांवर आणणारं गणित) करून नमुन्यांची चित्रात मांडणी बघा. एखादा बिंदू एकटाच लांब पडला असेल तर त्याचा मूळ वर्णपट उघडा, बहुधा बुडबुडा सापडेल. मग पीएलएस रिग्रेशन: वर्णपटातले बदल मोजक्या आकड्यांत गोळा करून (त्यांना इथे घटक म्हणतात) त्यांवरून साखरेसारखी किंमत काढणारं समीकरण.

पीएलएसमध्ये घटकांची संख्या वाढवत नेली की शिकवलेल्या नमुन्यांवरची चूक कमीच होत जाते. त्या मोहात पडू नका. क्रॉस-व्हॅलिडेशनची, म्हणजे काही नमुने आळीपाळीने बाजूला ठेवून त्यांच्यावर घेतलेल्या परीक्षेची, चूक जिथे सपाट होते तिथे थांबा. साखर-अल्कोहोलच्या मॉडेलला पंधरा घटक लागत असतील तर ते गोंगाट पाठ करतंय असं समजा.

पायरी सातवी: मॉडेलची परीक्षा

एकाच नमुन्याचे तीन वर्णपट असतील आणि त्यांतले दोन शिकवायला, एक परीक्षेला गेला, तर पेपर आधीच फुटला. एकाच टाकीचे सकाळ-संध्याकाळचे नमुने दोन्हीकडे वाटले तरी तेच. परीक्षेसाठी पूर्ण टाकी बाजूला ठेवा, जमलं तर पूर्ण हंगाम. तिच्यावर अंदाजाची सरासरी चूक किती येते ते पाहा, आणि चूक दोन्ही बाजूंना विखुरलेली आहे की एकाच बाजूला झुकलेली आहे तेही पाहा.

नुसता सहसंबंध पाहून समाधान मानू नका. शून्य ते २४० च्या पल्ल्यात तीन ग्रॅमची चूक असली तरी सहसंबंध देखणाच येतो. किण्वनाच्या मध्यावर तीन ग्रॅम काहीच नाही. पण वाइन कोरडी झाली का, म्हणजे साखर दोन ग्रॅमच्या खाली गेली का, हे ठरवायला ते मॉडेल कुचकामी आहे. शेवटच्या टप्प्यासाठी शून्य ते २० ग्रॅमचं वेगळं मॉडेल करा, आणि बाटलीत भरण्याचा निर्णय तरीही एन्झाइम चाचणीवरच घ्या.

रोजचं काम

किण्वन जोरात असताना दिवसातून दोनदा मोजा आणि प्रत्येक टाकीचा आलेख काढा. एकट्या आकड्यापेक्षा उतार जास्त सांगतो. साखरेची रेषा दोन-तीन मोजण्यांत सपाट झाली आणि अल्कोहोलही थांबलं, तर किण्वन अडकतंय. साखर सपाट दिसते पण अल्कोहोल वाढतंच आहे, तर आधी मॉडेलवर शंका घ्या, मग यीस्टवर. संपलेली साखर आणि तयार झालेलं अल्कोहोल यांचा १७ ग्रॅमचा हिशेब रोज जुळवून बघा. हा ताळा फुकट मिळतो आणि फार कामाचा आहे.

दुसऱ्या किण्वनात जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करतात. एक ग्रॅम मॅलिकमागे सुमारे ०.६७ ग्रॅम लॅक्टिक मिळतं. इथे एकूण प्रमाणच लिटरमागे काही ग्रॅमचं, त्यामुळे अवरक्त तुम्हाला सुरुवात आणि वेग दाखवेल. संपल्याची खात्री एन्झाइमने करा. अॅसेटिक आम्लाचंही तसंच. त्यावर ओआयव्ही या आंतरराष्ट्रीय द्राक्ष-वाइन संघटनेची मर्यादा लिटरमागे १.२ ग्रॅमची आहे, पण चांगल्या टाकीत ते त्याहून खूप खाली असतं. अवरक्ताचा आकडा चढू लागला की घंटा वाजली असं समजून लगेच ऊर्ध्वपातनाने तपासा.

मुक्त सल्फर डायऑक्साइड मात्र या यंत्राला विचारू नका. ते लिटरमागे जेमतेम काही दशक मिलिग्रॅम असतं आणि पीएच बदलला की त्याचं रूप बदलतं. सॉफ्टवेअर आकडा देईल, पण तो विश्वासाचा नाही. त्याच्यासाठी वायू ओढून टायट्रेशन करण्याची जुनी पद्धतच धरा.

सॉफ्टवेअरने 'नमुना मॉडेलच्या बाहेरचा' असा इशारा दिला तर तो नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि नंतर कॅलिब्रेशनमध्ये सामील करा. असेच नमुने मॉडेलला पुढच्या वर्षी शहाणं करतात.

स्वच्छता आणि देखभाल

प्रत्येक नमुन्यानंतर स्फटिक पाण्याने, मग पातळ अल्कोहोलने, मऊ कागदाने पुसा. पुसल्यावर रिकाम्या स्फटिकाचा वर्णपट घेऊन १००० ते ११५० चा भाग पाहा. तिथे उंचवटा दिसला तर साखर अजून चिकटलेली आहे. दिवसाअखेर सौम्य डिटर्जंटने धुवा. यीस्ट, प्रथिनं आणि टार्टरेट यांचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही, पण किरण जेमतेम मायक्रोमीटरभरच शिरत असल्याने तेवढा थरही पुरतो.

अल्कोहोल, साखर आणि टार्टरिक आम्ल मोजून घातलेलं एक कृत्रिम द्रावण करून लहान बाटल्यांत सीलबंद, थंड जागी ठेवा. रोज सकाळी पहिलं रीडिंग त्याचं. ते आकडे तारखेसह एका आलेखावर मांडत जा. ओआयव्हीने २०१० मध्ये अवरक्त विश्लेषकांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. यंत्राचे आकडे कुणाला अधिकृतपणे द्यायचे असतील तर ती आधी वाचून घ्या.

नवा हंगाम आला की जुनं मॉडेल तसंच चालवू नका. द्राक्षं बदलतात, पाऊस-ऊन बदलतं, रसातले इतर घटक बदलतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक टाकीतले चार-पाच नमुने अवरक्तावर आणि संदर्भ पद्धतीवर, दोन्हीकडे मोजा. फरक सगळीकडे एकसारखा, एकाच दिशेला असेल तर तेवढी दुरुस्ती लावून काम सुरू करा. फरक विखुरलेला असेल तर नवे नमुने घालून मॉडेल पुन्हा बांधा, आणि ते तयार होईपर्यंत हायड्रोमीटर हाताशी ठेवा.